किवी गोठवायची तर आधी ठरवा, खाणार कशी

गेल्या पावसाळ्यात आमच्या फोंड्याच्या घरी डेंग्यूचं दुखणं होतं. दीर हॉस्पिटलमधून घरी आले आणि भेटीला येणारा जो तो हातात किवीचा डबा घेऊनच आला. तीन-तीन फळांचे ते पारदर्शक डबे चार दिवसांत अकरा जमले. किवीनं प्लेटलेट वाढतात हा समज आपल्याकडे इतका घट्ट बसलाय की डेंग्यूच्या दिवसांत बाजारात त्याचा भाव चढतो. याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. क जीवनसत्त्व भरपूर असलेलं फळ म्हणून आजाऱ्यानं ते खुशाल खावं, पण प्लेटलेटचा हिशेब डॉक्टरांच्या तपासणीवरच सोडावा. दीर रोज दोन खायचे, मुलं एखादं. उरलेली भराभर मऊ पडायला लागली.

मी ती सोलली, चकत्या केल्या, सगळ्या एका पिशवीत भरल्या आणि फ्रीजरमध्ये ठेवून दिल्या. पंधरा दिवसांनी पिशवी काढली तर आत विटेएवढा एकच गोळा. सुऱ्यानं फुटेना म्हणून टेबलावर ठेवला. तासाभरानं ताटलीत हिरवं पाणी आणि त्यात लोळणारे लिबलिबीत तुकडे, वर बांगड्याचा हलकासा वास. चांगली फळं गेली याचं फार वाईट वाटलं. त्यानंतर वर्षभर थोड्या थोड्या किवीवर वेगवेगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. त्यातून जे हाताला लागलं ते इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करायची ती ही की गोठवलेलं किवी वितळल्यावर पुन्हा ताज्यासारखं होत नाही, कुठल्याही युक्तीनं नाही. किवीत शंभरात त्र्याऐंशीच्या आसपास भाग पाणी असतं. ते गोठताना त्याचे बर्फाचे स्फटिक होतात, स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात, आणि वितळताना त्या फाटलेल्या भिंतींतून रस बाहेर पडतो. फळ जितकं सावकाश गोठेल तितके स्फटिक मोठे आणि नासधूस जास्त. माझ्या विटेएवढ्या गोळ्याचं तेच झालं. आतपर्यंत थंडी पोचायलाच रात्र गेली असणार. चव, रंग, आंबटगोडपणा मात्र छान टिकतो. म्हणून गोठवण्याआधीच ठरवायचं की हे किवी मिक्सरमध्ये जाणार, अर्धवट गोठलेलंच खाणार, की शिजवणार. फ्रूट सॅलडमध्ये किंवा केकवर सजावटीला हवं असेल तर ताजंच आणा.

फळ कुठल्या टप्प्यावर घ्यावं

पावसाळ्यात आपल्याकडे मिळणारी किवी बहुतेक न्यूझीलंड किंवा चिलीकडची असतात, तिथली तोडणी मार्च ते मे या काळात होते. हिमाचल आणि अरुणाचलचं पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरचं. दोन्ही तऱ्हेची फळं कडक असतानाच तोडतात आणि शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास महिनोन्महिने ठेवतात. म्हणजे म्हापशाच्या बाजारातून आणलेलं किवी दगडासारखं लागलं तरी ते कच्चं नसतं, थंडीत निजलेलं असतं. आपल्या उकाड्यात ते झपाट्यानं जागं होतं.

कडक किवी तसंच गोठवू नका. फ्रीजरमध्ये फळ पिकत नाही. आंबट गेलेलं आंबटच बाहेर येतं. कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा, पिशवीचं तोंड दुमडा. आमच्याकडे साळदाटी केळी असतातच, त्यातलं एक पुरे. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं किवी दोन ते चार दिवसांत तयार होतं. रोज हात लावून बघत जा. देठाच्या टोकाशी अंगठ्यानं हलकं दाबल्यावर जरा दबलं की झालं. सगळं अंगच मऊ लागत असेल, सालीला सुरकुत्या आल्या असतील, तर त्याच्या चकत्या करायच्या भानगडीत पडू नका, त्याचा गर करा. आणि कापल्यावर दारूसारखा वास आला किंवा आतला पांढरा गाभा पाणचट होऊन पारदर्शक दिसला, तर ते फेकून द्या. फ्रीजरमध्ये टाकून ते सुधारणार नाही.

उलट फळं जास्त झालीत आणि वेळ नाही, तर केळी-सफरचंदांपासून लांब, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आठवडाभर तरी सवड मिळते.

धुणं, सोलणं, कापणं

साल काढायची असली तरी किवी आधी वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुवा. सालीवरची लव आणि धूळ सुऱ्याबरोबर गरात जाते, म्हणून हे करायचं. मग फडक्यानं नीट कोरडी करा. इथे आपल्या पावसाचा मुद्दा येतो. जुलैमध्ये घरातलं प्रत्येक फडकं ओलसरच असतं. ओल्या फळाला फ्रीजरमध्ये बर्फाचा पापुद्रा चढतो आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. इस्त्री फिरवलेलं सुती फडकं वापरा, किंवा धुतलेली फळं पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा.

सोलायला सालकाढणीपेक्षा चमचा बरा. दोन्ही टोकं कापा. देठाकडच्या टोकाला आत एक कडक, लाकडासारखा खुंट असतो, तो सुऱ्याच्या टोकानं काढून टाका, नाहीतर मागाहून दाताखाली येतो. मग साल आणि गर यांच्या मधून चमचा घाला आणि फळ फिरवत न्या. अख्खा गर अलगद बाहेर येतो. चमचा सहज फिरला नाही तर किवी अजून पिकायचं आहे असं समजा.

मासळी किंवा कांदा कापायची पाटी इथे नको. किवीचा कापलेला भाग वास लगेच धरतो.

चकत्या आणि फोडी

मिक्सरमध्ये जाणारं किवी असेल तर दीड-दोन सेंटिमीटरच्या फोडी करा. नुसतं चघळायला, मुलांना उन्हाळ्यात द्यायला चकत्या बऱ्या, पण त्या एक सेंटिमीटर जाडीच्या ठेवा. पातळ चकती वितळायला लागली की हातातच विरते.

स्टीलच्या पसरट ताटात बटर पेपर घाला आणि तुकडे एकमेकांना न लागता एका थरात मांडा. स्टील थंडी पटकन ओढतं, म्हणून प्लॅस्टिकच्या ट्रेपेक्षा ताट चांगलं. तेही आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये गार करून घ्या. फ्रीजर सगळ्यात थंड करा. एका वेळी एकच ताट, म्हणजे साधारण पाच-सहा फळं ठेवा. घरच्या फ्रीजरला एकदम दोन किलो कोमट फळ दिलं तर त्याचं तापमान चढतं, गोठणं लांबतं आणि आतल्या बाकीच्या वस्तूही घाम धरतात. तीन-चार तासांत तुकडे खणखणीत होतात. ताटावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला पाहिजे.

मग घाई करायची. गोव्याच्या हवेत ताट बाहेर काढल्याबरोबर त्याच्यावर दव जमतं. पिशव्या आधीच उघडून, नाव आणि तारीख घालून तयार ठेवा. तुकडे पिशवीत टाका, हवा दाबून काढा, लगेच आत सरका. पिशव्या लहान ठेवा, एका वेळच्या वापरापुरत्या. मोठी पिशवी रोज उघडली की प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते आणि महिन्याभरात फळावर पांढरी बर्फाची भुकटी दिसायला लागते.

आता मासळी. आपल्यापैकी कितीजणांचा फ्रीजर फक्त फळांचा असतो? माझ्याकडे खाली सुंगटं (कोळंबी), बांगडे, वर मे महिन्यात करून ठेवलेला मानकुराद आंब्याचा रस. साध्या पातळ पिशवीतून वास आरपार जातो. म्हणून जाड झिपची पिशवी, आणि ती पिशवी पुन्हा घट्ट झाकणाच्या डब्यात, असं दुहेरी ठेवते. फळं नेहमी वरच्या बाजूला आणि मासळी खाली, म्हणजे वीज गेली आणि मासळीचं पाणी सुटलं तरी फळावर पडणार नाही.

पाकातलं किवी

नुसत्या फोडींपेक्षा पाकात गोठवलेल्या फोडी वितळल्यावर जरा जास्त धरून राहतात, रंगही हिरवा राहतो. पुडिंगवर घालायला किंवा नुसतं वाटीत द्यायला हाच मार्ग. 700 मिलिलिटर पाण्यात 300 ग्रॅम साखर विरघळवून पाक करा. तार वगैरे यायची गरज नाही, साखर विरघळली की उतरवा आणि फ्रीजमध्ये पूर्ण गार करा. कोमट पाक ओतलात तर फळ तिथेच मऊ पडतं. फोडी डब्यात घालून त्या बुडतील इतका पाक ओता आणि वर दोन सेंटिमीटर जागा रिकामी सोडा, कारण गोठताना पाणी फुगतं. काठोकाठ भरलेला डबा झाकण उचलतो, काचेची बरणी असेल तर फुटते. फोडी वर तरंगून उघड्या पडतात, त्यांच्यावर बटर पेपरची चुरगळलेली घडी ठेवली की खाली दबून राहतात. सफरचंदासारखं किवी काळं पडत नाही, त्यामुळे लिंबू पिळायची गरज नाही.

गर आणि अख्खं फळ

फार मऊ झालेल्या किवीचा गर काट्यानं किंवा रवीनं घोटा. मिक्सर लावलाच तर दोन झटके द्या आणि थांबा. बिया भरडल्या गेल्या की गराला तिखटसर कडवट चव येते, ती साखरेनंही जात नाही. गर बर्फाच्या ट्रेमध्ये ओता, गोठल्यावर वड्या काढून पिशवीत भरा. एक वडी साधारण दोन मोठे चमचे होते, मापाला सोयीची.

अगदीच वेळ नसेल तर धुऊन कोरडं केलेलं अख्खं किवी सालीसकट गोठवता येतं. खायच्या वेळी अर्धा मिनिट नळाखाली धरलं की साल हातानं निघते. मग मोठ्या भोकांच्या किसणीवर ते गोठलेलंच किसायचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी हा हिरवा कीस, वर चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घालून वाटीत दिला तर मुलं दुसरं काही मागत नाहीत. मला स्वतःला सगळ्या प्रकारांत हाच जास्त आवडतो.

किती दिवस, आणि वीज गेली तर

उणे 18 अंशांवर नीट बांधलेलं किवी आठ-दहा महिने चांगलं राहतं. तुमचा फ्रीजर तेवढा थंड आहे का हे आइसक्रीमवरून कळतं. ते चमच्याला दाद न देण्याइतकं कडक राहत असेल तर ठीक. जुन्या एका दाराच्या फ्रीजमधल्या छोट्या बर्फाच्या कप्प्यात ते मऊच राहतं. तिथे किवी दोन-तीन आठवड्यांच्या वर ठेवू नका.

पावसात झाड तारेवर पडलं की आमच्याकडे वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. दार न उघडलं तर गच्च भरलेला फ्रीजर साधारण 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास गारवा धरतो. फ्रीजच्या वरचा लहान कप्पा असेल तर याहून कमी धरा. घर बंद ठेवून गावाला जाताना एक वाटी पाणी गोठवून तिच्यावर नाणं ठेवते. परत आल्यावर नाणं वरच असेल तर निश्चिंत. तळाशी गेलेलं दिसलं तर मागे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. मासळी तर टाकायचीच, आणि किवीच्या पिशवीला आंबूस वास येत असेल किंवा ती फुगली असेल तर तीही. वीज आल्यावर फळात बर्फाचे कण अजून शिल्लक असतील तर ते परत गोठवायला हरकत नाही, पण मग ते जॅमसाठी बाजूला काढा.

वितळवणं

लस्सी-स्मूदीसारख्या पेयाला किंवा सरबताला किवी वितळवूच नका. गोठलेल्या फोडी थेट मिक्सरमध्ये घाला, बर्फ घालायची गरज राहत नाही. जॅमसाठीही फोडी गोठलेल्याच कढईत टाका. शिजल्यावर किवीचा हिरवा रंग शेवाळी तपकिरी होतो. आंबटपणा आणि उष्णता मिळून हरितद्रव्याचा रंग बदलतो, फळ खराब झालं असं नाही.

चकत्या नुसत्या खायच्या तर ताटलीत पसरून दहा-पंधरा मिनिटं, बस. आपल्याकडे खोलीत तीस-बत्तीस अंश असतात, तिथे वीस मिनिटांत खेळ संपतो. कडा मऊ आणि मधे अजून बर्फ, ही खायची वेळ. तेव्हा फळाला स्वतःचा आकार असतो आणि तोंडात ते कुल्फीसारखं विरतं.

पाकातलं किवी आणि गराच्या वड्या मात्र फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकलेल्या भांड्यात वितळवा. लहान डब्याला पाच-सहा तास, मोठ्याला रात्रभर. ओट्यावर नको, गरम पाण्यात नको. मायक्रोवेव्हमध्ये कडा शिजून तपकिरी होतात आणि मधला भाग बर्फच राहतो. पूर्ण वितळलेलं किवी त्याच दिवशी संपवा.

दूध-दह्याची अडचण

किवीत ॲक्टिनिडिन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. दुधात किंवा दह्यात किवी मिसळून ठेवलं की काही वेळात ते कडवट आणि पातळ होतं. गोठवल्यानं हे विकर मरत नाही, हे मला माहीत नव्हतं. पाडव्याला आदल्या रात्री किवीचं श्रीखंड करून ठेवलं, सकाळी पातेल्यात कडू पाणी सुटलेलं. पाहुणे जेवायला यायचे होते, चक्का दुसरा नव्हता.

उष्णतेनं मात्र ते निकामी होतं. गर मंद आचेवर चार-पाच मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, मग श्रीखंडात घाला. रंग थोडा मळकट होतो, चव छान लागते. लस्सी करायची तर ताज्या गरानंही होते, फक्त केल्याबरोबर पिऊन टाकायची. जिलेटिनची जेली कच्च्या किवीनं कधीच जमत नाही, तिथेही गर उकळूनच घ्या. चायना ग्रास प्रथिन नसल्यामुळे तिथे विकराचा त्रास नाही. पिवळ्या गराच्या, गुळगुळीत सालीच्या किवीत हे विकर फार कमी असतं.

ज्यांना रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची ॲलर्जी आहे, त्यांना किवीचीही असू शकते. ओठ सुजणं, घशाला खाज असं काही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. गोठवलेल्या किवीनंही ते होतं.

किवीचं सासव

वितळलेलं किवी मऊ पडतं ही तक्रार मी सासवापाशी, म्हणजे खोबरं-मोहरीच्या वाटणातल्या आमच्या आंबटगोड फळाच्या प्रकारापाशी, सोडून दिली. घोंटांचं (लहान रायवळ आंब्यांचं) सासव करतो तेव्हा आंब्यानं मऊच पडायचं असतं, रस सुटायचाच असतो. मग किवीनं का नाही? सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग पानावर दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दहा-बारा जाड फोडी फ्रीजमध्ये अर्धवट वितळवून ठेवा, सुटलेला रस वेगळा गाळून घ्या. एक वाटी ओलं खोबरं, दोन सुक्या मिरच्या आणि चिमूटभर हळद बारीक वाटा. अर्धा चमचा मोहरी शेवटी घालून थोडंसंच फिरवा. मोहरी जास्त वाटली तर कडू होते. वाटण पळीवाढं करा, त्यात किसलेला गूळ आणि मीठ घाला. गूळ किवीच्या आंबटपणावर ठरवा, मी लिंबाएवढा घालते आणि चाखून वाढवते. फोडी सगळ्यात शेवटी, जेवायला बसायच्या आधी दहा मिनिटं सोडा आणि हलक्या हातानं एकदाच ढवळा. त्या वितळत जातात तसा त्यांचा गारवा आणि रस वाटणात उतरतो. हे शिजवायचं नाही.

गाळून ठेवलेला रस ओतून देऊ नका. तेच विकर मांसाची प्रथिनंही तोडतं. वाडीतल्या कोंबडीचे राठ तुकडे किंवा माणक्यो (स्क्विड) असतील, तर दोन मोठे चमचे रस चोळून फ्रीजमध्ये वीस मिनिटं ठेवा, मग धुऊन नेहमीचा मसाला लावा. घड्याळ लावून ठेवा. एकदा फोनवर बोलताना मी तासभर विसरले, आणि माणक्यो कढईत गेल्यावर त्यांचा नुसता लगदा झाला.